नवरीशी बोलणारी

तळोद्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका ब्युटिशियनचं पार्लर आहे. मेकअप करताना ती नवरीशी सतत बोलते, म्हणजे घाबरलेला चेहरा सैल पडतो. दादाच्या मुलीच्या लग्नाला मीच तिला घरी बोलावलं होतं. फाउंडेशन लावता लावता तिनं विचारलं, "कितवीले शे व माय तू?"

"नववीमा," भाची हळूच म्हणाली.

तिचा ब्रश थांबला. भाचीचं वय मला ठाऊक होतं.

तिनं ओल्या कापसानं भाचीचा चेहरा पुसायला घेतला. "ताई, हाई पोर शे. मी हिले नवरी नही करस." आणि तिनं मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

बोलणं ऐकून बाहेरून दादा दार ठोठावू लागला. ती फोनवर पत्ता सांगत राहिली.

मी उठून आतून कडी घातली. हेल्पलाइनची माणसं येईपर्यंत दाराला पाठ लावून उभी राहिले.