परबकाकांची लिफ्टबंदी

परबकाका नियम मोडायचा असला की आदल्या दिवशी लेखी कळवत. लालबागच्या आमच्या टॉवरचा मी सेक्रेटरी, म्हणून ती पत्रं माझ्याकडे यायची. पहिलं अजून माझ्याजवळ आहे : "मा. सेक्रेटरी, उद्या सकाळी साडेनऊला मी नियम क्रमांक तेवीस मोडणार आहे. शिक्षा द्यायला कुणीतरी हजर राहावं. आपला, गुणाजी परब, नववा मजला. ता. क. उशीर करू नये."

काका निवृत्त बस कंडक्टर. तिकिटाचा पंच नोकरीबरोबर गेला, म्हणून बोलताना हातातलं नेलकटर टकटकवत.

नियम तेवीस हे माझंच पाप. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, तेव्हा नियमावली करायचं काम माझ्यावर आलं. मी कफ परेडच्या एका बड्या इमारतीची नियमावली मिळवली, वरचं नाव बदललं आणि न वाचता सभेपुढे ठेवली. आमच्याकडे पोहण्याचा तलाव नाही. पण तलावात उतरण्यापूर्वी आंघोळ करावी, हे आम्ही एकमताने मंजूर केलं. त्याच गठ्ठ्यात तेविसावा होता : घरकामगारांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी; त्यांना मुख्य लिफ्टने पाठवणाऱ्या सभासदाला तीन दिवस लिफ्टबंदी. सर्व्हिस लिफ्ट म्हणजे कचऱ्याच्या पिंपांची, आणि आठवड्यातले चार दिवस बंद.

शेवंताबाई चाळीपासून आमच्या पाच घरांची भांडी घासत. एकदा अकरा मजले चढून त्या माझ्या दारात बसल्या नि म्हणाल्या, "विनूभाऊ, तुझ्या लग्नात मी पंगत वाढली. आता कचऱ्याबरोबर ये म्हणतोस. तो डबा पण बंद. गुडघ्यांनी नाय सांगितलंय रे. पुढच्या महिन्यापासून दुसरी कोण बघा." पाच घरं सुटल्यावर तुमचं कसं चालणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी आधी कायदेशीर मार्गाने गेलो. नियम बदलावा असा अर्ज मीच केला, पोचही मीच दिली, आणि अध्यक्ष शिर्क्यांनी तो विचाराधीन ठेवला. मग मी क्रांतिकारक झालो. बायकोची सिल्कची साडी नेसवून, हातात पर्स देऊन, शेवंताबाईंना माझी साताऱ्याची आत्या म्हणून मुख्य लिफ्टमधून नेलं. तीन दिवस जमलं. चौथ्या दिवशी शिर्केवहिनींनी आत्याला हळदीकुंकवाला बोलावलं, आणि आत्यांनी सवयीने तिथल्या सगळ्या कपबशा विसळून पालथ्या घातल्या. त्यानंतर दोन आठवडे मीच तोंड लपवून पिंपांबरोबर ये-जा करत होतो.

काकांनी मला बोलावून घेतलं. "विन्या, माझ्या बसमध्ये विनातिकीट दोन तऱ्हेचे असायचे. एक तुझ्यासारखा, मला बघून गर्दीत डोकं घालणारा. दुसरा पुढच्या सीटवर बसून सांगायचा, भाडेवाढ मला पटत नाय, तिकीट काढणार नाय, काय करायचं ते करा."

"मग तुम्ही काय करायचात?"

"दोघांनाही उतरवायचो. पण पहिला उतरला की बस चालू पडायची. दुसरा उतरला की अख्खी बस भांडत बसायची."

"आणि अर्ज करणारा?"

नेलकटर टक् वाजलं. "तो मेलो अजून स्टॉपवर उभो आसा."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला काकांनी मुख्य लिफ्टमध्ये प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं, त्यावर शेवंताबाईंना बसवलं आणि वॉचमनसमोर सोबत वर गेले. मग माझ्यापुढे वही सरकवली. "बंदी लिही."

"राहू दे हो काका."

"मोडायचं काम माझं, शिक्षा द्यायचं तुझं. कामचुकारपणा नको."

मी लिहिली. तिसऱ्या मिनिटाला मला वाटलं, सुटलो. आता यांना लिफ्टच नाही, तर नियम कसा मोडणार? सकाळी बघतो तर काका शेवंताबाईंना स्टुलावर बसवून, बाहेरूनच हात घालून बटण दाबतायत. दार लागलं, बाई महाराणीसारख्या वर निघाल्या आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे काका जिन्याकडे वळले. पाठवणाराही गुन्हेगार, हे नियमात होतंच. आणखी तीन दिवस. रोज एक दिवस भोगायचा, रोज तीन वाढायचे.

जिन्यात मात्र भलतंच घडू लागलं. चौथ्या मजल्यावर कुणी काकांसाठी खुर्ची ठेवली. सहाव्यावर कोकम सरबत आलं. खुर्चीभोवती माणसं जमायला लागली. दोन वर्षं एकमेकांची नुसती दारं बघितलेले लोक जिन्यात उभे राहून भांडू लागले, चाळीत भांडायचे तसे. शिर्क्यांच्या आई तर लसूण सोलायला तिथेच बसू लागल्या. शेवटी शिर्क्यांनी सभा बोलावून नियम तेवीस रद्द केला. कारण मीच नोंदवलं : जिन्यात गर्दी होते.

शेवंताबाईंची पाचही घरं टिकली. काका मात्र जिनाच चढत राहिले. "नियम रद्द झाला, माझी शिक्षा नाय." वहीत अजून साडेतीन महिने होते. शेवंताबाई लिफ्टचं दार धरून म्हणायच्या, "या हो भाऊ, कोण बघत नाय."

"म्हणून तर," काका म्हणायचे आणि पायरी चढायचे.

बंदी संपायला सहा दिवस असताना काका दुपारच्या झोपेतच गेले. कुडाळहून त्यांची मुलगी आली. काकांना न्यायची वेळ झाली तेव्हा मी धावत जाऊन लिफ्ट बोलावून ठेवली; सेक्रेटरीला एवढं तरी सुचायला हवं. शेवंताबाई म्हणाल्या, "विनूभाऊ, सहा दिवस बाकी आहेत."

मी काकांच्या मुलीकडे पाहिलं. तिने जिन्याकडे बघून मान डोलावली. माफीचं पत्र मी एका मिनिटात लिहिलं असतं. पण ते ज्यांनी फाडलं असतं ते तिरडीवर होते.

आम्ही त्यांना नऊ मजले जिन्याने उतरवलं. प्रत्येक वळणावर तिरडी उभी-आडवी करताना मी सूचना देत होतो, आणि त्या ऐकल्या असत्या तर काका अजून सातव्यावर असते. चौथ्या मजल्यावर मला धाप लागली आणि मी त्यांच्याच खुर्चीत बसलो. माझा खांदा शिर्क्यांनी घेतला.

शेवंताबाई मुख्य लिफ्टने उतरल्या, स्टुलावर बसून, एकट्या. आम्ही तळाला पोचलो तेव्हा लिफ्टच्या दारात वाट बघत उभ्या होत्या. माझा घाम बघून म्हणाल्या, "भाऊंना रोज एवढाच वेळ लागायचा."