पडलेल्यावर वाजलेल्या टाळ्या

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा निपाणीला असतो. मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यती खेळतो. दोन वर्षांपूर्वी कडेगावच्या बाजूला एका गावानं अशी रेस ठेवली, तेव्हा तो आदल्या दिवशी आष्ट्याला आमच्याकडे मुक्कामाला आला. बहिणीचा फोन आला, "अगं, तू जा त्याच्याबरोबर. मला तिथं उभं राहवत न्हाई." मला या खेळाचं काडीचं कौतुक नव्हतं. धूळ, धूर आणि आवाज. पण भाचा आमच्या घरून निघालाय म्हटल्यावर मी आणि आमचे हे, दोघंही टेम्पोत बसलो.

ऊस तुटून गेलेल्या रानात ट्रॅक केला होता. जेसीबीनं मातीचे उंचवटे रचलेले, वर टँकरनं पाणी मारलेलं, कडेनं नुसती दोरी. मी एका ट्रॉलीत चढून बसले. खरं सांगायचं तर पहिल्या फेरीतच माझं मत बदललं. उंचवट्यावरून गाडी हवेत जाते आणि पोरगं तिच्यावर उभं राहून ती अलगद खाली उतरवतं, हे बघताना मी ह्यांचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

माईकवाल्यानं "निपाणीचे पाहुणे" म्हणताच लोकांनी हुर्यो उडवली होती. ते मी हसण्यावारी नेलं. आपल्या गावचा गडी जिंकावा असं वाटणारच. गावाचा एक पोरगा होता आणि तो खरोखर चांगला पळवत होता. भाचा पुढं, तो लगेच मागं. पण वळणावरची माणसं हळूहळू दोरीच्या आत सरकायला लागली. भाचा आला की तोंडासमोर टॉवेल फिरवायचे. कुणीतरी पाण्याचा पाऊच फेकला. झेंडा घेऊन उभा असलेला माणूस "मागं व्हा, मागं व्हा" म्हणत होता आणि ती माणसं त्याच्याच खांद्यावर हात टाकून फोटो काढत होती.

शेवटून दुसऱ्या फेरीत पांढऱ्या शर्टातला एकजण मोबाईल पुढं धरून सरळ ट्रॅकमध्ये उतरला. चांगला तिशीतला, लग्नकार्य झालेला दिसत होता. भाच्यानं त्याला वाचवायला गाडी बाहेर काढली, चाक मऊ मातीत रुतलं आणि तो खांद्यावर आपटला.

आणि टाळ्या वाजल्या. शिट्ट्या वाजल्या. टोप्या उडाल्या. माझं पोरगं धुळीत हात पोटाशी धरून पडलं होतं आणि शेकडो माणसं हसत होती. गावचा पोरगा मागून निघून गेला, तशी सगळी गर्दी ट्रॅकवर धावली. बाकीच्या गाड्या अजून पळत होत्या, त्याचंही कुणाला भान नव्हतं. मी ट्रॉलीतून कशी उतरले ते मला आठवत नाही. पांढऱ्या शर्टवाला अजून व्हिडिओ काढत होता. मी त्याचा हात खाली केला.

"आवं मावशी, खेळ हाय," तो म्हणाला. "पडायचंच की."

"तो तुझ्यामुळं पडला. तुला वाचवताना पडला."

"मी कुठं सांगितलं वाचवाय?" असं म्हणून तो हसला. बाजूचेही हसले.

कमिटीतल्या एका वयस्क माणसाला मी गाठलं. त्यांनी मान हलवली. "ताई, तुमचं बरोबर हाय. पर पब्लिकला कोण बोलणार?" पब्लिक म्हणे. जसा काही वळीव पाऊस. त्या पब्लिकला घरं होती, बायकापोरं होती, बरीचशी कमिटीवाल्यांच्याच भावकीतली होती.

सांगलीच्या दवाखान्यात खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडल्याचं निघालं. प्लेट घालावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातल्या खोलीच्या दारात एक पोरगा उभा राहिला. मी आधी ओळखलं नाही, कारण आदल्या दिवशी तो हेल्मेटमध्ये होता. तो जिंकलेला गावचा पोरगा; गर्दीमुळं रेस तिथंच थांबवून त्यालाच पहिला ठरवला होता. माझ्या जिभेवर चार शब्द आले होते, पण त्याचा चेहरा बघून गिळले.

खाटेजवळ बसून तो भाच्याला म्हणाला, "शेवटच्या फेरीत मी तुला आतनं गाठणार होतो."

"गाठला नसतास," भाचा म्हणाला.

"तेच की रं. आता ते कवाच कळणार न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, त्यांनी मला जिंकूच दिलं न्हाई. गावात माझा फ्लेक्स लावलाय. मला तिथनं जाऊ वाटंना."

तोवर माझा राग फक्त माझ्या भाच्यापुरता होता. तो गेल्यावर मला कळलं, की त्या लोकांनी स्वतःच्या पोराचंही वाटोळं केलं होतं.

पांढऱ्या शर्टवाल्यानं व्हिडिओ टाकला, मागं एक टुकार गाणं लावून. आमच्या नात्यातल्याच एका मुलीनं, कोण पडलंय हे माहीत नसताना, मला तो हसऱ्या इमोजींसकट पाठवला. मी तिला फोन करून सांगितलं तेव्हा ती रडली. बाकी ज्यांनी पाहिला त्यांतलं कोणी रडलं असेल असं वाटत नाही.

यंदा पुन्हा त्याच रानात रेस झाली. भाचा जाणार म्हणाला आणि मीही गेले. दोरी तीच, वळणावर गर्दी तीच. पण सुरुवातीच्या रेषेवर त्या गावच्या पोरानं गाडी बंद केली. भाच्यानं केली. मग एकेक करत सगळ्यांनी केली. माईकवाला विनवण्या करत राहिला. लोकांनी शिव्या दिल्या, "पैसं घेतल्यात काय रं" असं ओरडले, एकानं चप्पल फेकली. गावच्या पोरानं हेल्मेट काढून एवढंच सांगितलं, "ट्रॅक्टर आडवं लावा आन् माणसं त्याच्या पल्याड घाला. तवा गाड्या सुरू हुतील."

कमिटीचे तेच वयस्क गृहस्थ शेवटी उठले. ट्रॅक्टर आले, ट्रॉल्या आडव्या लागल्या, आणि दोन वर्षं ज्यांना कुणी बोलू शकत नव्हतं ती माणसं मुकाट मागं सरली.

भाचा तिसरा आला, गावचा पोरगा दुसरा. पहिला आला फलटणकडचा कुणी अनोळखी मुलगा, सुरेख पळवून. त्याच्यासाठी माझ्या आजूबाजूला एकानंही हात उचलला नाही. माणसं मोटरसायकलींना किका मारून निघूनसुद्धा गेली होती. मी आणि हे, आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. समोर उभ्या असलेल्या एकानं वळून विचारलं, "तुमचा कोण लागतो?"

"कुणी नाही," मी म्हणाले, आणि वाजवत राहिले.