विमानाचे कॅप्टन, हुद्द्याने सार्जंट

माझे धाकटे काका हवाई दलात वैमानिक होते, पण अधिकारी नव्हते. हे ऐकलं की लोक चक्रावायचे. वैमानिक म्हटला की तो साहेबच असणार, असं सगळे धरून चालतात. काकांच्या बाहीवर मात्र सार्जंटच्या तीन फिती होत्या. त्यांच्या उमेदीच्या काळात वैमानिकांची चणचण होती, म्हणून खालच्या हुद्द्यावरच्या काही जणांनाही उडायला शिकवलं गेलं. काका त्याआधी हँगरमध्ये इंजिनं दुरुस्त करायचे.

त्यांच्याकडे मालवाहू विमान होतं. पीठ, टपाल, औषधं, एकदा तर पिंजराभर कोंबड्या. शेजारी नकाशा घेऊन बसणारा नेव्हिगेटर लेफ्टनंट होता, म्हणजे अधिकारी, आणि वयाने काकांपेक्षा बराच लहान. नियम असा की विमान चालवेल तो कॅप्टन. हवेत शब्द काकांचा. चाकं टेकली की काका त्या पोराला सॅल्यूट ठोकणार आणि दोघं दोन वेगळ्या मेसमध्ये जेवायला जाणार. बाहेरच्या तळावर उतरले तर मात्र पंखाच्या सावलीत बसून एकाच डब्यातलं खायचे.

कमिशन घेऊन अधिकारी व्हा, असं काकांना दोनदा सुचवलं गेलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी हात जोडले.

"साहेब झालो की खुर्चीत बसवतील," ते म्हणायचे. "आणि फायली मला झेपत नाहीत."

"मला तरी कुठे साहेबांच्या बायकांशी बोलायला झेपतंय?" काकू म्हणायची. तिथेच विषय संपायचा.

मग ती बाथटबची फेरी आली. एका कर्नलची बदली झाली होती. ते स्वतः, त्यांचं सामान आणि त्यांच्या पत्नीचा जीव की प्राण असलेला ओतीव लोखंडाचा बाथटब, असं सगळं काकांच्या विमानात चढलं. डोंगर ओलांडताना डावं इंजिन खोकू लागलं आणि बंद पडलं. विमान खाली यायला लागलं. वजन कमी करणं भाग होतं, आणि सगळ्यात जड काय होतं ते उघड होतं.

काकांनी मान वळवली. मागे कर्नल बसले होते. काकांच्या तोंडून निघालं, "सर, आपली हरकत नसेल तर, म्हणजे जमत असेल तर, सामानापैकी थोडं..."

इंजिनाच्या आवाजात कर्नलना धड ऐकू गेलं नाही. "काय म्हणतोस?" त्यांनी हात कानाला लावला. काकांनी पुन्हा तेच सुरू केलं, आणखी अदबीने. समोरचा डोंगर मोठा होत चालला होता. शेवटी नेव्हिगेटर पट्टा सोडून उठला आणि ओरडला, "तो टब बाहेर टाका, आत्ता!"

कर्नल चटकन उठले. मागचं दार उघडून दोघांनी टब ढकलला, पाठोपाठ ट्रंकाही गेल्या. विमान झाडांच्या शेंड्यांना घासून पलीकडे निघालं.

उतरल्यावर काकांनी कर्नलना सॅल्यूट ठोकला. कर्नल चिडले असतील असं त्यांना वाटलं. पण कर्नलनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"विमान छान आणलंस. पण मला आधीच का नाही सांगितलंस? मी लगेच टाकला असता."

"सांगत होतो, सर."

"तू विनंती करत होतास," कर्नल म्हणाले, आणि बायकोला फोन कसा करावा या काळजीत निघून गेले.

त्या वाक्याने काकांची झोप उडाली. आठवडाभराने त्यांनी स्वतःहून कमिशनसाठी अर्ज केला. हँगरमधला त्यांचा जुना सोबती, ज्याला सगळे ठोक्या म्हणायचे, तो वैतागलाच.

"विमान उडवायला हात लागतात. खांद्यावरचे तारे कशाला?"

"उडवायला नाही लागत," काका म्हणाले. "पण मोठ्या माणसाला हुकूम द्यायची वेळ आली तेव्हा माझी जीभ अडखळली. दुसऱ्या कुणाची अडखळली असती की नसती, कोण जाणे. माझी अडखळली."

पुढच्याच वर्षी फर्मान निघालं की यापुढे प्रत्येक वैमानिक अधिकारीच असेल. तेव्हा बाकीचे सार्जंट वैमानिक कुरकुरत होते आणि काकू काकांच्या बाहीवरच्या फितींची शिवण उसवत बसली होती. "जरा बोडका दिसतोय तुमचा दंड," एवढंच ती म्हणाली. ठोक्या आता काकांना साहेब म्हणू लागला. त्याचं काकांना वाईट वाटलं, आणि ते कधी गेलं नाही.

भीती होती तसंच झालं. काही वर्षं उडवून झाल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं गेलं. रजेचे अर्ज मंजूर करताना ते खिडकीतून धावपट्टी बघायचे. तरी त्या निर्णयाच्या नावाने त्यांनी कधी बोटं मोडली नाहीत.

निवृत्तीनंतर ते छोट्या फ्लाइंग क्लबमध्ये हौशी लोकांना शिकवू लागले. एकदा मला सोबत नेलं. चालवायला त्यांचा विद्यार्थी होता, पेशाने दातांचा डॉक्टर, आणि काका त्याच्या शेजारी. वर गेल्यावर पाहते तर काकांची मान छातीवर टेकलेली. उतरल्यावर डॉक्टर हरखून म्हणाला, "सर, तुम्ही मुद्दाम डोळे मिटलेत ना? माझा आत्मविश्वास वाढावा म्हणून?"

"छे हो," काका टोपी शोधत म्हणाले. "छान डुलकी लागली होती."