भागीरथाबाईची राखण

सावली तालुक्यातल्या एका गावातल्या बाया मोहफुलं वेचायला निघाल्या, की राखणीला भागीरथाबाई ठरलेली. बाकीच्यांनी वाकून वेचायचं आणि एकीनं ताठ उभं राहून जंगलाकडे पाहायचं, ही तिथली रीत. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. भागीरथाबाईचे कान तर असे, की शेजारचं भांडण तिला भांडणाऱ्यांच्या आधी कळे.

पण तिला सर्दी झाली. शिंकताना डोळे मिटतात, आणि राखणीला डोळे मिटून कसं चालेल? ती दुकानदार लोकेशकडे गेली.

"बाई, गोळी घेऊन घरीच पडून राहा. झोप येते हिच्यानं."

"मोहाच्या दिवसात झोप कोणाले येते रे?"

सकाळी चहाबरोबर तिनं दोन गोळ्या घेतल्या. सर्दी मोठी होती ना!

शिंका थांबल्या. ती खूश होऊन बुंध्याशी उभी राहिली, मग जरा टेकली, मग बसली. सरिता आणि मंगली जवळच वेचत होत्या. सून निशा पार नाल्याकाठच्या झाडाखाली.

वाघ दिसला की ओरडतो तसा वानर ओरडला.

भागीरथाबाईनं ऐकलं. वानर ओरडून राह्यला, असं तिला वाटलं. त्याच्या पुढचा विचार काही केल्या येईना. डोक्यात जणू ओलं धान भरलं होतं.

वानर पुन्हा ओरडला. नाल्यातलं गवत हललं. वारा नव्हता. तिला सगळं दिसत होतं, पण तीस वर्षं पाठ असलेला शब्द जिभेवर येत नव्हता.

तिसऱ्यांदा वानर ओरडला, तशी निशा कंबर सरळ करून उभी राहिली. "आई?"

"जमा!" भागीरथाबाई किंचाळली. "जमा वं, इकडे जमा!"

निशा टोपली टाकून धावली. चौघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या, घसा फाटेस्तोवर ओरडल्या. एक पिवळी पाठ गवतातून वर आली, थांबली, आणि नाल्यापलीकडे उतरली.

"वाचवलं बाई तुमी!" सरिता म्हणाली. "तुमच्या कानाले तोड नाई."

हे कौतुक दिवाळीपर्यंत पुरलं असतं. भागीरथाबाईनं सुनेकडे पाहिलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

"कायचं वाचवलं! वानर तीनदा ओरडला, तवा मले सुचलं. गोळ्या खाऊन बसली होती मी."

"मंग सांगतलं काऊन नाई?" मंगली उसळली.

"सांगतलं असतं तं राखण तुले दिली असती ना वं!"

कोणी हसलं नाही. परतताना राखणीवाली सगळ्यात मागं चालते. निशा न विचारता मागं जाऊन उभी राहिली. नव्या सुनांना घालतात त्या मधल्या जागी भागीरथाबाई मुकाट्यानं शिरली.

थोड्या वेळानं मागून हाक आली, "आई, झोपू नका. बोलत राहा!"

"बोलून राह्यली ना!" म्हणत तिनं लोकेशच्या सात पिढ्यांच्या उद्धारापासून सुरुवात केली.