कुणी आजारी पडलं तर

चिगुसा नुमाता हे नाव आज तोक्योतल्या शाळकरी पोरींनाही पाठ आहे. तिच्या उशिरा आलेल्या यशाचं कौतुक ऐकून आमचे कान किटले. पण त्याआधीच्या गोष्टींबद्दल कुणी विचारत नाही. विचारून करणार काय, त्या छापल्याच गेल्या नाहीत.

राजधानीपासून दूर, साकाता गावात तिच्या वडिलांचं टोफूचं दुकान होतं. पोरगी चित्रकथा काढायला राजधानीत निघाली तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाले, "तीन वर्षं. तेवढ्यात नाव छापून आलं तर राहा. नाहीतर परत ये आणि घाल सोयाबीन भिजत." पण ती जिथे गोष्टी द्यायची ते चित्रकथांचं साप्ताहिक दर आठवड्याला विकत घेऊन वडील स्वतःच त्यात लेकीचं नाव शोधत बसायचे.

त्या साप्ताहिकाचे संपादक मोगामी यांनी तिच्या पहिल्या दोन गोष्टी तिच्यासमोर चाळल्या आणि चहा निवायच्या आत परत केल्या. तिसरी, टोफू विकणाऱ्या एका विधुराची, त्यांनी ठेवून घेतली.

"बरी आहे. कपाटात ठेवतो," ते म्हणाले. "कुणी आजारी पडलं, पानं रिकामी राहिली, तर लावून टाकू."

नवख्यांच्या गोष्टी तशाच छापल्या जात. चिगुसा कमरेत वाकून आभार मानून आली आणि कुठल्यातरी मोठ्या माणसाला ताप येण्याची वाट बघू लागली. पोटापाण्यासाठी मोगामींनीच तिला कुरोइवा या नावाजलेल्या चित्रकाराकडे मदतनीस म्हणून चिकटवून दिलं. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. सेन्सेईंची सामुराईची मालिका त्याच साप्ताहिकात दहा-अकरा वर्षं एकही आठवडा न चुकता चालली होती. त्यांच्या माणसांमागची झाडं, छपरं, बर्फ चिगुसाने काढायचं. त्यात गंमत अशी, की तिच्या गोष्टीची पानं नेमकी सेन्सेईंच्या पानांएवढीच होती. म्हणजे आजारी पडायचं ते त्यांनीच. ती त्यांच्याच घरी जेवायची, आणि ते खोकले की तिचे कान टवकारायचे. तिला स्वतःचीच किळस येई.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात एका सकाळी सेन्सेईंना रक्ताची उलटी झाली. त्यांना इस्पितळात नेलं तेव्हा निम्म्या पानांवरच्या माणसांना चेहरेच नव्हते. पानं न्यायला आलेले मोगामी बूट न काढता दारातच बसून राहिले.

"तुझी गोष्ट बॅगेत टाकूनच आणलीय," ते म्हणाले. "दुपारी छापखान्यात द्यायचंय. नशीब फळफळलं म्हण तुझं."

चिगुसाला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात सेन्सेईंची बायको इस्पितळातून आली आणि अंगातला कोटही न काढता तिच्यापुढे चटईवर कपाळ टेकून बसली.

"ते म्हणताहेत, चिगुसाला माझा हात ठाऊक आहे, राहिलेले चेहरे तिनेच काढावेत. इतक्या वर्षांत कधी खंड नाही पडला गं. आता पडला तर ते खाटेवरून उठायचे नाहीत."

"काकू, उठा ना. असं नका करू."

चिगुसाने मोगामींकडे पाहिलं.

"मी मध्ये पडत नाही बुवा," ते म्हणाले आणि त्यांनी सिगारेट पेटवली. एक शब्द टाकला असता तर या माणसाचं काय बिघडत होतं?

ज्या घरचा भात खाल्ला तिथे नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. तिला आजवर कुणी चेहरा काढू दिला नव्हता, त्या दिवशी सगळे तिनेच काढले. शेवटच्या पानावर एक म्हातारा बाप मुलाला निरोप देत होता. तसा चेहरा तिने एकदाच पाहिला होता, साकाताच्या फलाटावर. मोगामींनी पानं बॅगेत भरली. "तुझी परत कपाटात ठेवतो," ते म्हणाले आणि गेले.

अंक बाहेर पडल्यावर तिने तंबाखूच्या दुकानातून घरी फोन लावला. आणखी एक वर्ष मागायचं असं ठरवूनच.

तिच्याआधी वडीलच बोलले. "या आठवड्याचा तो म्हातारा बघितलास? अगं, मी दुकानात रडलो. गिऱ्हाईक बघत राहिलं. काय माणूस आहेत गं तुझे सेन्सेई!"

"हो."

"मी रागावून नाही बोलत, पोरी. पण ते पान बघितलं आणि कळलं, असं काढणारी माणसंच वेगळी. आपल्याच्याने नाही व्हायचं ते. उगाच झुरत बसू नकोस तिथे."

ओठांवर आलेलं तिने गिळलं. सेन्सेईंच्या नावाखाली दुसऱ्याचा हात आहे हे बाहेर फुटलं असतं तर त्या घराची अब्रू गेली असती. आणि आणखी एक वर्ष आता कुठल्या तोंडाने मागायचं?

"ऐकतेस ना? नव्या वर्षाला ये घरी, कायमची."

"येते, बाबा," ती म्हणाली.