विल्सनने फाडलेलं पत्र

मंडळी, आज दुपारी वसईत एका लग्नात विल्सन भेटला. डोकं अजून तापलेलंच आहे.

१९८१ मध्ये बहरीनच्या एका हॉस्पिटलात मी नर्स होते आणि तो टपाल बघायचा. आमच्यातली जर्मन नर्स हेल्गा दुसऱ्या महायुद्धात रशियनांनी कैद केलेल्या भावाचा शोध घेत होती. ती रोज विचारायची, "पत्र आलं?" विल्सन म्हणायचा, "मफी." नाही.

आज जेवताना तो सहज म्हणाला, "आलं होतं गं. इंग्रजीत होतं, मी उघडून वाचलं. भाऊ छावणीतच वारला होता. बिचारी रडली असती, म्हणून फाडलं."

"त्याला पुरलं कुठे होतं?"

"ते आता कुठलं आठवतंय?"

हेल्गा नव्वदीची झाली, तरी भावासाठी अजून कचेऱ्यांना पत्रं लिहिते. तिच्या वतीने ठरवायचा अधिकार याला कोणी दिला? आणि आता मी तिला काय कळवू?