ठमीच्या माहेरी

गाडी बायकोनं, म्हणजे सुलभानं चालवायची आणि मी शेजारी बसून चुका काढायच्या, अशी आमची वाटणी गेल्या उन्हाळ्यापासून झाली आहे. पूर्वी नेमकं उलटं होतं. औषधांनी माझ्या बोटांतली जाणीव गेली, स्टिअरिंग हातात आहे की नाही हे कळेना, तेव्हा किल्ली तिच्याकडे गेली. चुका काढायला मात्र बोटं लागत नाहीत.

माघातल्या शनिवारी आम्ही पुण्याहून निघालो तेव्हा अजून झुंजूमुंजूही झालं नव्हतं. वाघोली मागं पडेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. कारण मला ठाऊक होतं. माझ्या रक्तातला जो आजार पहिल्या फेरीच्या औषधांनी गेला असं वाटलं होतं, तो परतला होता. डॉक्टरांनी दुसरी, जास्त कडक फेरी सुचवली होती, आणि घ्यायची की नाही ते सोमवारी सांगायचं होतं. सुलभाचं ‘हो’ कधीच झालं होतं. माझं होत नव्हतं.

पहिल्या फेरीत मला अंथरुणातून बाहेर ओढायला ठमी होती. ठमी म्हणजे आमची कुत्री. तांबूस, एक कान कायमचा दुमडलेला, जात गावठी, तोरा पाटलिणीचा. मला उलट्या होत असोत की ताप असो, सकाळी ती आपला पट्टा तोंडात धरून पलंगाशी उभी राहायची. मग कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत जावंच लागे. रोज तोच खांब, आणि रोज ती तो असा हुंगायची की जणू रात्रीतून कुणी नवा आणून रोवलाय. तिच्याकडे बघून मलाही ती सकाळ नवी वाटायची. दिवाळीच्या आधी मी इस्पितळात असताना ठमी गेली. सुलभानं आणि वॉचमननं तिला सोसायटीच्या मागं पुरलं. मी घरी आलो तर पट्टा खुंटीला होता. आजाराची चौकशी करायला सगळे आले. ठमीबद्दल सगळ्यांचं एकच म्हणणं, दुसरं आणा.

ठमी आम्हाला तिसगावच्या बाजारात मिळाली होती, आठ-नऊ वर्षांपूर्वी. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या भागाबाई नावाच्या बाईपाशी पिल्लं होती. मी पाकीट काढलं तर ती चिडली. “लेक इकत्यात का?” म्हणाली. तिनं आमच्याकडून फक्त एक नारळ घेतला, सुलभाला ओढणी पसरायला लावली आणि त्यात पिल्लू घातलं. स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात एक पितळी घुंगरू बांधलं. तेच घुंगरू पुढं पट्ट्याला आलं. ते आता घरात ऐकवत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. ज्यांचं त्यांना परत करावं, एवढ्याचसाठी हा प्रवास होता. निदान मी सुलभाला तसं सांगितलं होतं.

सुप्याच्या आसपास डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसल्या. उन्हाची पहिली तिरीप त्यांच्या पात्यांवर आली आणि खालचं सगळं माळरान अजून सावलीतच होतं. सुलभानं गाडी कडेला घेतली आणि आम्ही बघत बसलो. ही वाट मी कितीदा तरी केली असेल, पण दर वेळी घड्याळाकडे बघत. नगरला (पाटीवर अहिल्यानगर लिहिलंय, तोंडातून मात्र नगरच निघतं) मिसळ खाल्ली. तिनं खाल्ली, मी चमचा फिरवला. गेले कित्येक महिने माझ्या तोंडाला सगळं एकसारखं लागतं, पितळेच्या भांड्यात कळकलेल्या ताकासारखं.

करंजीचा घाट चढलो आणि प्रदेश पालटला. बोडके डोंगर, बांधाबांधाला रचलेली दगडांची ताल, मधूनच ज्वारीचा एखादा पट्टा. एका शेतात पाखरं राखायच्या माळ्यावर उभी राहून एक बाई गोफण फिरवत होती. दगड सुटला की पाखरांचा थवा उठायचा, हवेत एक गिरकी घ्यायचा आणि पुन्हा त्याच कणसांवर उतरायचा. बाईला राग आलेला दिसला नाही. आपण आपलं काम करावं, पाखरांनी त्यांचं, असा सगळा कारभार होता.

तिसगावात भागाबाईंचा पत्ता कुणाला विचारावा हे कळेना. शेवटी एका टपरीत कात्र्यांना धार लावणारे रशीदभाई भेटले. लोकर कातरायच्या कात्र्या सगळ्या मेंढपाळांच्या त्यांच्याकडेच येतात.

“भागाबाई? बिरूची मंडळी ना?” त्यांनी चाक थांबवलं. “त्ये हितं कुठं आता. दसरा झाला की खाली जात्यात. बेलापूरच्या अंगाला. तिकडं ऊस तुटतोय, शेंड्याचं हिरवं वाढं खायला मिळतंय मेंढरांना.”

“फोन आहे का त्यांचा?”

“हाय की. पर लागत न्हाई. चार्जिंग कुठं करत्याल रानात?”

बेलापूर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. माझे पाय भरून आले होते आणि सुलभाच्या चेहऱ्यावर ‘आता पुरे’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. घुंगरू रशीदभाईंकडेच ठेवून जावं, असं माझ्याही मनात आलं. तेवढ्यात त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कातर माझ्या मांडीवर ठेवली.

“बिरूचीच हाय. धार लावून कधीची पडलीय. तुमी चाललाच हाय, तर द्या त्याला. कातरनी खोळांबली असंल.”

आम्ही चाललोच आहोत असं आम्ही कुठं म्हटलं होतं? पण त्यांनी चहा सांगितलाही होता. चहा पिऊन, कातर घेऊन आम्ही मुकाट्यानं गाडीत बसलो. सुलभा हसायला लागली. किती तरी दिवसांनी हसली.

शेवगाव, नेवासा करत पुढं सरकलो तशी माती काळी होत गेली. सकाळी जिथं पाण्याच्या टाक्या बैलगाडीतून जाताना पाहिल्या त्याच जिल्ह्यात आता कालवे भरून वाहत होते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर ठणाणा वाजणारी गाणी, रस्ताभर पडलेलं पाचट. एका ट्रॅक्टरमागं आम्ही इतका वेळ अडकलो की त्याची सगळी गाणी पाठ झाली. प्रवरेच्या पुलावर सुलभानं काच खाली केली. गार वारा आत आला आणि मी श्वास भरून घेतला. एकाच दिवसात इतकं कोरडं आणि इतकं ओलं पाहिल्यावर मला आपण फार लांबच्या मुलखात आलोय असं वाटायला लागलं.

बेलापूरच्या पलीकडं, तोडलेल्या उसाच्या रानात, भागाबाईंचं बिऱ्हाड सापडलं तेव्हा दिवस कलला होता. एक घोडी, एक बाज, बाजेवर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि वाघर (मेंढ्या कोंडायची दोरीची जाळी). वाघरीत नुसती कोकरं होती. एवढीशी, काळी, पांढरी, ठिपक्यांची, आणि सगळी एकदम ओरडत होती.

भागाबाई चुलीशी होत्या. केस पिकले होते, बाकी त्याच. त्यांनी आम्हाला लगेच ओळखलं नाही. पण सुलभाच्या हातातला पट्टा पाहिला, घुंगरू पाहिलं, आणि हातातलं पीठ झटकून त्या उभ्या राहिल्या.

“कवा?” एवढंच विचारलं.

“दिवाळीच्या आधी,” सुलभा म्हणाली.

“आन् माहेराला सांगावा धाडला न्हाई, ईनबाई?” (ईनबाई म्हणजे विहीणबाई.) त्यांनी सुलभाला हाताला धरून घोंगडीवर बसवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून स्वतः शेजारी बसल्या. कुत्र्याच्या मरणाचा सांगावा धाडायचा असतो हे आम्हाला पुण्यात कोण सांगणार? ओढणीत पिल्लू घेतलं त्या दिवशी आपण यांचे सोयरे झालो, हेच आम्हाला इतकी वर्षं कळलं नव्हतं. सुलभा रडायला लागली. ठमी गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. इस्पितळ, घर, डबे यात तिला वेळच कुठं मिळाला होता?

तेवढ्यात रानातून भागाबाईंचा नवरा बिरू मेंढ्या घेऊन परतला, आणि पुढचं जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. शेकडो मेंढ्या धूळ उडवत आल्या. बिरूनं आम्हाला नुसता हात केला आणि वाघरीची एक बाजू उचलली. सगळी कोकरं एकदम सुटली. मेंढ्या हाका मारतायत, कोकरं ओरडतायत, पायांखाली पाय, धूळ, कल्ला. यात कुणाचं कोण हे ब्रह्मदेवालाही लागायचं नाही, असं मी मनात म्हणेपर्यंत आवाज कमी व्हायला लागला. इथं एक थांबलं, तिथं दोन थांबली. प्रत्येक कोकरू आपल्या आईखाली गुडघे टेकून पीत होतं आणि शेपटी हलवत होतं. बघता बघता सगळं रान शांत झालं. नुसता दुधाचा चुटूचुटू आवाज. मी उभा होतो तिथंच खाली बसलो.

“रोज असंच होतं?” मी बिरूला विचारलं.

“रोज,” तो म्हणाला. “दोन येळंला.”

“चुकत नाही एखादं?”

“चुकलं तर लाथ बसती. मग हुडकतंय पुन्हा.” त्यानं मी दिलेली कातर उलगडली, धारेवरून अंगठा फिरवला आणि खूश झाला.

अंधार पडायच्या आत भागाबाईंनी गाठोडं सोडलं. त्यातून एक खण काढून सुलभाच्या ओटीत घातला. नवी पांढरी टोपी काढून बिरूच्या हाती दिली. हा दुखवटा होता. घरातलं माणूस गेलं की सोयरे कपडे करतात, गोड घास भरवतात आणि दुःख उठवतात, तो. माझी माकडटोपी उतरवून बिरूनं ती गांधीटोपी माझ्या डोक्यावर ठेवली. डोक्यावर एक केस नव्हता. दोघांनी पाहिलं. मग भागाबाईंनी भाकरी कुस्करून त्यात गूळ आणि मेंढीचं दूध घालून मलिदा केला आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला.

खोटं कशाला सांगू, गोडी लागली नाही. पण धुराची चव लागली. चुलीच्या, पाचट जाळलेल्या धुराची, स्पष्ट. मी दुसरा घास मागून घेतला. सुलभा माझ्याकडे बघत होती. मी तिसराही घेतला.

“दुखनं काय हाय?” भागाबाईंनी तेव्हा विचारलं. मी सांगितलं. पुन्हा औषध घ्यावं की नको ते ठरत नाही, हेही सांगितलं. घुंगरू काढून मी त्यांच्यापुढं धरलं, तर त्यांनी माझी मूठ मिटवली आणि हाक मारली. काळी, बारीक अंगाची एक कुत्री शेपटी हलवत आली. तिचाही एक कान दुमडलेला होता.

“ही ठमीच्या भनीची लेक. अजून गाभन राहिली न्हाई. पावसाळ्यात राहील, दिवाळी झाली की पिल्लं व्हतील. आमी तवा हितंच असू. एक लेक ठिवते तुमाला. घुंगरू तवा घिऊन या.”

“भागाबाई, तोवर मी असेन का नसेन...”

“त्ये मला काय ठावं?” त्या भाकरी थापायला बसल्या होत्या. “मी ठिवते म्हंते. न्यायला जोडीनं यायचं. लेक अशी कुनाच्या हाती धाडत न्हाईत.”

आम्ही मुक्कामाला श्रीरामपूरला गेलो. परतीच्या वाटेवर, रविवारी, मी सुलभाची एकही चूक काढली नाही. ती मधूनच माझ्याकडे बघायची. बहुतेक मला बरं नाही असं तिला वाटलं असावं. सुप्याच्या पवनचक्क्या पुन्हा दिसल्या. त्या तशाच फिरत होत्या आणि आम्ही पुन्हा थांबलो. खांब रोज नव्यानं हुंगणं म्हणजे काय, ते मला तिथं थोडंफार जमलं असं वाटलं. सोसायटीत शिरल्यावर आधी मागं गेलो. ठमीला पुरलेल्या जागेवर आता हरळी उगवली होती. तुझ्या माहेरचे सगळे ठीक आहेत, हे तिला सांगितलं.

सोमवारी डॉक्टरांनी फाइल उघडली. “काय ठरलं?”

“डॉक्टर, दिवाळीनंतर मला बेलापूरला जाता येईल?”

त्यांनी चष्मा काढला. “शब्द देता येणार नाही. औषध घेतलंत तर आशा धरायला जागा आहे.”

“मग सुरू करा,” मी म्हणालो. शेजारी सुलभानं मांडीवरची पिशवी घट्ट धरली, आणि पिशवीतलं घुंगरू वाजलं.

डॉक्टरांनी हे काय म्हणून विचारलं. जी कुत्री अजून गाभणही राहिलेली नाही, तिच्या लेकीचं आहे, हे त्यांना कसं सांगणार?